चौदा मीटरवरचा लाल

ऑफिसात सगळे त्याला कोरडे म्हणायचे. नव्या माणसाला ते आडनावच वाटायचं. कुरियरवाला तर सही घेताना 'कोरडे साहेब' असं अदबीनं म्हणायचा. खरं आडनाव वेगळंच होतं. हे नाव त्याला ठेवलं होतं भाऊजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, आणि ते चिकटून एकवीस वर्षं झाली होती.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा हा दहा वर्षांचा होता. होणारे भाऊजी पाणबुडे. पुलाचे खांब, धरणाची दारं, जहाजांचे धक्के, जे जे पाण्यात बुडालेलं असेल ते खाली उतरून तपासायचं, हा त्यांचा धंदा. एका रविवारी ते सगळ्यांना तरणतलावावर घेऊन गेले. तिथे हा पोरगा तिसऱ्या पायरीवर दांडी धरून जो रडत उभा राहिला तो शेवटी उचलूनच बाहेर काढावा लागला. तेव्हापासून चार माणसं जमली की भाऊजी सुरू करायचे, "आमच्या मेहुण्याचं काय सांगू तुम्हाला? पाण्यात जाऊन कोरडा परत येणारा माणूस." मग पायरी, दांडी, गळणारं नाक, सगळं साग्रसंगीत. लोक पोट धरून हसायचे. ताईसुद्धा हसायची.

भाऊजी एक गोष्ट मात्र कधी सांगत नसत. पायरीच्या आधी, बाकीचे अजून कपडे बदलत असताना, त्यांनीच त्याला पाठीमागून उचलून खोल पाण्यात टाकलं होतं. तो बुडत होता, वर येत होता, पुन्हा बुडत होता, आणि भाऊजी काठावर वाकून हसत वीसपर्यंत मोजत होते. ते वीस आकडे त्याला अजून ऐकू यायचे.

पुढे नोकरीही भाऊजींनीच लावून दिली. तपासणीच्या त्याच कंपनीत, फोटो साफ करायची. "पाण्याजवळ ठेवतोय, पाण्यात नाही," असं ते मॅडमना म्हणाले, आणि मॅडमही हसल्या. मॅडम म्हणजे कंपनीच्या मालकीणबाई, स्वतः इंजिनिअर, सगळ्या अहवालांवर सही त्यांची.

त्याची खोली दुसऱ्या मजल्यावर, पंप दुरुस्तीच्या दुकानाच्या वर. खिडकीला काळं कापड लावलेलं, म्हणजे स्क्रीनवर उजेड पडू नये. बाहेरच्या बोळात पाणबुड्यांचे रबरी सूट टांगलेले असायचे, त्यांतून थेंब थेंब पाणी बादलीत पडत राहायचं. दिवसभर तो आवाज आणि खालून पंपांची घरघर. पण कामात तो वाघ होता. पाण्याखालचे फोटो येतात तेव्हा ते फोटो नसतातच, हिरवट चिखल असतो. खाली उतरलं की सगळ्यांत आधी लाल रंग मरतो. पाच मीटरवर तो मलूल होतो, दहावर जवळजवळ संपतो, आणि चौदा मीटरवर बोट कापलं तर रक्त काळपट हिरवं दिसतं. कॅमेऱ्याचा फ्लॅश हातभर अंतरापर्यंत लाल परत आणतो, त्यापलीकडे नाही. त्याचं काम असं, की मेलेले रंग मोजून मापून उठवायचे, फ्लॅशमध्ये चमकणारे गाळाचे कण एकेक करून टिपायचे आणि खांबाचं अंग असं स्वच्छ दाखवायचं की कोरड्या जमिनीवर बसलेल्या इंजिनिअरला केसाएवढी भेगही वाचता यावी. पहिल्या दिवशी मॅडमनी एकच नियम सांगितला होता. "पाणी पुसायचं, खांब पुसायचा नाही."

सहा वर्षं त्यानं तो नियम पाळला.

मग एका सोमवारी मोठ्या धक्क्याच्या अठरा खांबांचे फोटो आले. भाऊजींनीच काढलेले. प्रत्येक फोटोत त्यांच्या हातातली पांढरी पाटी, पाटीवर पेन्सिलीनं खांबाचा नंबर आणि खोली. सहाव्या खांबाच्या तळाचा फोटो त्यानं उघडला. पाटीवर लिहिलं होतं चौदा मीटर. त्यानं सवयीनं लाल वाढवायला घेतला आणि फोटो एकदम तांबडाभडक झाला. त्यानं परत मूळ फोटो काढला. फ्लॅश पोचत नाही अशा मागच्या कोपऱ्यातल्या पाण्यातही लाल शिल्लक होता. थोडाथोडका नाही, चांगला.

तो खुर्ची पुढे ओढून बसला. आठवा खांब उघडला, चौदा मीटर. तिथे खांबाला चिकटलेल्या एका कालवाच्या शिंपल्याची कड कुरतडलेल्या बिस्किटासारखी तुटलेली होती. तेच कालव, तीच कड, सहाव्या खांबावरही. फक्त कॅमेरा जरा तिरका धरलेला. आणि तेच कालव सहाव्या खांबाच्या चार मीटरच्या फोटोत, जिथे ते खरोखर असणार तिथे.

म्हणजे भाऊजी खाली गेलेच नव्हते. चार मीटरवर थांबून पाटीवरचा आकडा बदलत बसले होते.

त्यानं जुने अहवाल उघडले. पाच महिने हेच चाललं होतं, फक्त तेव्हाचे आकडे सात-आठ मीटरचे, म्हणून त्याच्या नजरेतून सुटलं होतं. दोरी धरून होडीत बसणारा म्हातारा त्यांचा जुना सोबती. सैल सोड म्हटलं की खोल उतरल्याएवढी दोरी सैल सोडायचा आणि मिठाची गुळणी धरून बसायचा. दुसऱ्या कोणाला हे कळलं असतं तर तो घाबरला असता, चिडला असता, निदान मॅडमकडे गेला असता. हा हात मांडीवर ठेवून शांत बसून राहिला. किती वर्षांनी आपल्याला इतकं बरं वाटतंय, याचंच त्याला नवल वाटत होतं.

रविवारी ताईकडे जेवायला जायचा रिवाज होता. ताई वाढत होती, भाऊजी कुठल्याशा जहाजाच्या पंख्याची हकिकत रंगवून सांगत होते. त्यांचं बोलणं संपेपर्यंत हा थांबला. मग पाण्याचा पेला बाजूला ठेवून म्हणाला, "भाऊजी, एक विचारायचं होतं. चौदा मीटरवर लाल रंग उरतो का हो?"

भाऊजींचा घास हातातच राहिला.

"नाही उरत," ते म्हणाले.

"मलाही तेच वाटत होतं," तो म्हणाला आणि जेवू लागला. ताईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी त्याच्या खोलीत आले आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आत येऊन दार लावलं. एवढा दांडगा माणूस, पण बसायला दुसरी खुर्ची नव्हती म्हणून भिंतीला टेकून उभा राहिला.

"कान गेलाय माझा," ते म्हणाले. "डावा. पाच मीटरच्या खाली गेलो की कानात कोणी खिळा ठोकतंय असं होतं. मग गरगरतं. वर कुठं आणि खाली कुठं तेच कळत नाही. डॉक्टरला दाखवलं तर तो परवानाच काढून घेईल."

"मग?"

"सात-आठ महिन्यांचा प्रश्न आहे. मॅडम मला पर्यवेक्षक करणार आहेत. मग होडीत बसायचं, उतरायचं नाही. तोवर तेवढे फोटो..." त्यांनी स्क्रीनकडे हात केला. "तू लाल वाढवतोस ना? मग कमीही करता येत असेल."

"येतो करता."

"मग कर ना. घरचाच आहेस तू."

"घरचा आहे म्हणून तर," तो म्हणाला. "करतो मी. पण माझंही एक काम करा. या रविवारी ताईसमोर ती तलावाची गोष्ट सांगा. पहिल्यापासून. कोणी कोणाला टाकलं, तिथपासून."

भाऊजींनी स्क्रीनवरच्या खांबाकडे पाहिलं. मग "बरं" म्हणून दार उघडून गेले.

रविवारी त्यांनी सांगितलं. ताटाकडे बघत, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखं. वीस आकडे मोजले हेही सांगितलं. ताई हसली नाही. "हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत," ती नवऱ्याला म्हणाली. मग भावाकडे वळून, "आणि तूही नाहीस." ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्याला वाटलं होतं की एवढ्यानं आपलं मन भरेल. पण ज्याला आयुष्यभर उपाशी ठेवलं त्याला पहिल्या घासानं भूक लागते, तसं त्याचं झालं.

फोटो तो बदलू लागला, आणि खरं सांगायचं तर इतकं सुरेख काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. उथळ पाण्याचा फोटो घ्यायचा, कडांपासून आत असा हळूहळू लाल मारत यायचा, मागचं पाणी काळवंडवायचं, आणि गाळाचे जे कण तो वर्षानुवर्षं पुसत आला होता तेच आता एकेक करून पेरायचे. ते तुटक्या कडेचं कालव बुजवून त्या जागी शेवाळ चढवायचं. पाहणाऱ्याला थंडी वाजावी असा चौदा मीटरचा काळोख तयार व्हायचा. दाखवायला मात्र कोणी नव्हतं. फक्त एकजण होता, आणि त्याला तो दाखवायचाच.

"या, भाऊजी, बघा." ओल्या केसांनी भाऊजी दारात उभे राहायचे. तो मुद्दाम फाइल उघडायला वेळ लावायचा.

"खरं किती मीटर होतं?"

"साडेतीन."

"ऐकू नाही आलं. खाली पंप चालू आहे."

"साडेतीन," भाऊजी मोठ्यानं म्हणायचे.

ऑफिसात त्याला 'तुम्ही' म्हणायचं, हेही ठरलं. सकाळी बोळातली बादली भाऊजींनी रिकामी करायची, हेही. लोकांना वाटायचं, मेहुण्या-भाऊजींचं किती जमतं बघा. धक्क्यावरून येता-जाता एकदाच त्याच्या मनात आलं होतं, की हे अवजड क्रेन, हे भरलेले ट्रक ज्या खांबांवर उभे आहेत ते खालून कोणी पाहिलेलेच नाहीत. पण खांब तीस वर्षांचे होते आणि अजून उभे होते. त्यानं तो विचार तिथेच सोडला.

असे पाच महिने गेले. मग एका दुपारी मॅडमनी सगळ्यांना बाहेरच्या हॉलमध्ये बोलावलं आणि सांगितलं की पुढल्या महिन्यापासून भाऊजी पर्यवेक्षक. मोठ्या धक्क्याच्या सहामाही तपासणीचा अहवाल तेवढा गेला की ते पाण्यातून बाहेर. टाळ्या झाल्या. भाऊजींच्या चेहऱ्यावरचं ओझं एकदम उतरल्यासारखं दिसलं. वर्षभरात पहिल्यांदाच ते मोकळं हसले, त्यांनी त्याच्या गळ्यात हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता आमचे कोरडे माझ्या हाताखाली. रोज एक तांब्या पाणी डोक्यावर ओतू त्यांच्या. होईल हळूहळू सवय."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. भाऊजींनी ते वाईट बुद्धीनं म्हटलं नव्हतं. सुटल्याच्या आनंदात जुनी सवय तोंडातून निघून गेली एवढंच. पण तो खोलीत परत आला तेव्हा त्याचे कान तापलेले होते.

सहामाहीचे फोटो आदल्याच दिवशी आले होते. त्यानं अकराव्या खांबाच्या तळाचा फोटो घेतला. नेहमीप्रमाणे लाल मारला, काळोख भरला. मग तीन वर्षांपूर्वीच्या एका पुलाच्या अहवालातून एक भेग उचलली. आडवी, बोटभर रुंद, आत गंजलेली सळई दिसणारी. ती त्यानं अकराव्या खांबाच्या पायथ्याशी बसवली. तिच्या काठावर दोन कालवं ओढून घेतली, म्हणजे ती जुनी वाटावी. खांब पुसायचा नाही, हा नियम होता. खांबावर भेग घालायची नाही, असं कोणी सांगितलंच नव्हतं, कारण असं काही कोणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं.

अहवाल गेला आणि तासाभरात मॅडमचा आवाज बोळात आला. "अकरा नंबरला भेग आहे, बघितलीत का?" त्यांनी लगेच बंदराच्या इंजिनिअरला फोन लावला. गुरुवारी पुन्हा उतरायचं ठरलं. मोजपट्टी लावून भेगेचे फोटो काढायचे, बंदराचा इंजिनिअर स्वतः होडीत असणार, आणि पाणबुड्याच्या पट्ट्याला खोली मोजणारं यंत्र, त्याची तार होडीतल्या आकड्यांच्या डब्याला जोडलेली. हे सगळं मॅडमनी भाऊजींना सांगितलं तेव्हा तो आपल्या खोलीच्या दारात उभा राहून ऐकत होता. भाऊजींनी मान हलवली. मग त्यांनी बोळाच्या दुसऱ्या टोकाकडे, त्याच्याकडे पाहिलं.

थोड्या वेळानं ते आत आले. दार लावलं.

"ती भेग तिथे नाही."

"फोटोत तर आहे."

"तू घातलीस."

"मग मॅडमना सांगा ना तसं," तो म्हणाला. "सांगा की भेग नसणार, कारण मी तिथे कधी गेलोच नव्हतो."

भाऊजी खाली बसले. दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून जमिनीवरच बसले. "माझं चुकलं," ते म्हणाले. "त्या दिवशी बोलून गेलो. तेव्हा तलावातही चुकलंच. मी तुझ्या पाया पडतो, पण मी चौदावर जाऊ शकत नाही रे. मरेन मी. मॅडमना सांग की फाइल चुकली, जुनी फाइल मिसळली. तुला दोन शब्द बोलतील त्या. बास."

तो त्यांच्याकडे वरून बघत होता. टक्कल पडत चाललेला माथा त्यानं पहिल्यांदाच पाहिला.

"सांगतो," तो म्हणाला.

"आज?"

"बुधवारपर्यंत सांगतो."

सोमवार गेला. मंगळवारी भाऊजी तीनदा दारावरून गेले. बुधवारी दुपारी त्यांनी नुसतं आत डोकावून पाहिलं, आणि त्यानं 'होईल' अशी मान हलवली. त्याच्या मनात सांगायचं होतंच, असं तो पुढे स्वतःला नेहमी बजावायचा. अगदी शेवटच्या क्षणी सांगायचं, घाम फुटू द्यायचा आणि मग सोडायचं. पण संध्याकाळी मॅडम त्याच्या खोलीवरून जाता जाता थांबल्या, म्हणाल्या, "उद्या तुम्हीही चला होडीत, फोटो तिथेच बघू." तेव्हा तो म्हणाला, "हो, मॅडम." त्यानं कॉम्प्युटर बंद केला, खिडकीचं कापड नीट केलं आणि घरी गेला.

गुरुवारी सकाळी आठला होडी अकराव्या खांबाला लागली. त्याच्या अंगात नारिंगी जाकीट होतं आणि दोन्ही हातांनी त्यानं फळी घट्ट धरली होती. बंदराचा इंजिनिअर घड्याळ बघत होता. दोरवाल्या म्हाताऱ्याला या खेपेला दोरी सैल सोडायची सोय नव्हती. आकड्यांचा डबा सगळ्यांच्या समोरच होता. भाऊजींनी मास्क चढवण्यापूर्वी एकदा त्याच्याकडे पाहिलं. काही मागितलं नाही, शिवी दिली नाही. नुसतं पाहिलं, आणि पाठमोरे पाण्यात गेले.

डब्यावर आकडे चढू लागले. दोन. तीन. चार. चारवर बराच वेळ थांबले. तो मनात म्हणाला, येतील वर. काहीतरी सबब सांगतील, नळी बिघडली म्हणतील. पाच. सहा. सहावर पुन्हा थांबले, परत साडेपाचवर आले. त्याच्या जिभेवर शब्द होते. फाइल चुकली, मॅडम. तीन शब्द. मॅडम हातभर अंतरावर होत्या. सात. आठ. म्हातारा दोरी सोडत होता आणि त्याचे ओठ हलत होते. दहा. अकरा. बारा. त्याला फळीचा ओला लाकडी वास येत होता. चौदा.

चौदावर आकडा सहा मिनिटं थांबला. इंजिनिअर म्हणाला, "चांगला माणूस आहे तुमचा." मग दोरीला एकामागून एक चार झटके बसले. म्हातारा ओरडला, "ओढा," आणि सगळे ओढायला लागले. त्यानंही ओढलं.

भाऊजी वर आले तेव्हा मास्कच्या आत उलटी भरलेली होती. मास्क काढला, तर डाव्या कानातून रक्त गळ्यावर उतरत होतं. वर, उजेडात, चांगलं लाल. त्यांना होडीत निजवलं तरी ते दोन्ही हातांनी फळ्या चाचपत होते, जणू होडी उलटी झालीय आणि आपण खाली पडणार आहोत. कॅमेरा मात्र मनगटाला तसाच होता. त्यात नऊ फोटो होते. एकेक फोटो स्थिर, पाटी सरळ, मोजपट्टी पायथ्याला चिकटवून धरलेली.

ते नऊ फोटो त्यालाच साफ करावे लागले. मागच्या पाण्यात लालाचा ठिपकाही नव्हता. खांब धडधाकट होता.

"भेग कुठे गेली?" मॅडमनी विचारलं.

"जुन्या पुलाची फाइल मिसळली, मॅडम," तो म्हणाला. "चुकलं माझं."

मॅडम दोन शब्द बोलल्या. भाऊजी म्हणाले होते तसंच. एक कडक पत्र दिलं, ते त्यानं सही करून घेतलं.

डॉक्टरांनी सांगितलं की कानाच्या आतला तोल सांभाळणारा भागच फाटलाय. ऐकू येणं गेलं ते गेलंच, पण जमीनही आता त्यांच्यासाठी स्थिर राहणार नाही. कोणाचा तरी हात धरल्याशिवाय दहा पावलं टाकता येणार नाहीत.

नवा पाणबुड्या आला. मॅडमना शंका होतीच, त्यांनी त्याला सगळे अठरा खांब पुन्हा तपासायला लावले. आठव्या खांबाच्या तळाशी सिमेंट खाऊन टोपलीभर पोकळी झालेली सापडली. त्या बाजूचे क्रेन बंद करावे लागले, बंदराचे लोक जाब विचारायला आले. जुने फोटो आणि नवे फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर मॅडमसारख्या बाईला काय ते कळायला वेळ लागला नाही. त्या आधी भाऊजींच्या घरी गेल्या. आता सगळं बाहेर येणार म्हणून तो दिवसभर खोलीत गोठून बसला होता. संध्याकाळी मॅडम परत आल्या आणि त्याच्या दारात उभ्या राहिल्या.

"ते म्हणतात, फोटो त्यांनीच बदलले. तुम्ही जेवायला गेलात की तुमच्या मशीनवर बसायचे म्हणे."

तो स्क्रीनकडे वळला. ज्या माणसाला मोबाइलवर गजर लावायला बायको लागते, त्या माणसानं हे केलं, यावर मॅडमचा विश्वास बसला असेल असं नाही. पण बंदराला द्यायला एक नाव हवं होतं, आणि त्या नावाचं आता आणखी काही बिघडण्यासारखं राहिलं नव्हतं.

तो भाऊजींना भेटायला गेला. ते भिंतीला खुर्ची टेकवून बसले होते, दोन्ही तळवे भिंतीला लावून.

"मी तुझं नाव का घेतलं नाही, विचार," ते म्हणाले.

"का?"

"तुझी नोकरी गेली असती, तू कुठंतरी लांब गेला असतास. मग मला धरून कोणी फिरवायचं? रोज सकाळी सहाला ये."

तेव्हापासून तो रोज जाऊ लागला. भाऊजी त्याचं कोपर असं धरायचे की संध्याकाळपर्यंत बोटांचे वळ दिसायचे. गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. वाटेत ते त्या दिवशीचं सांगायचे. सहा मीटरवर काय झालं, सात मीटरवर काय. कान कसा फुटला, तो आवाज कसा होता. नऊ मीटरवर आले की घर यायचं. "बाकीचं उद्या," म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या मीटरपासून सुरू करायचे.

ताई मात्र त्याचं कौतुक करताना थकत नव्हती. शेजारणीला दारात थांबवून सांगायची, नात्यातलं कोणी आलं की सांगायची, फोनवर सांगायची. "सख्खा भाऊ असावा तर असा. एक दिवस खाडा नाही. आजारी असला तरी येतो." तो चहाचा कप हातात धरून खाली मान घालून बसायचा. लोक म्हणायचे, किती विनयी आहे. एकदा तिनं सगळ्यांसमोर त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा त्याला तिथून पळून जावंसं वाटलं. वळ सोसता येत होते, भाऊजींचे मीटर सोसता येत होते, हे सोसता येत नव्हतं.

दहा महिन्यांनी एका सकाळी फिरून आल्यावर भाऊजी खुर्चीत बसले आणि तो स्वयंपाकघरात गेला. ताई ओट्यापाशी भांडी पुसून ठेवत होती.

"ताई, मला तुला एक सांगायचंय. भाऊजींचं जे झालं ते माझ्यामुळे झालं."

ती पुसत राहिली. त्यानं सगळं सांगितलं. लाल, कालव, रविवार, भेग, बुधवार. होडीतले तीन शब्दसुद्धा सांगितले.

"झालं सांगून?" तिनं विचारलं.

"हो."

"मला माहीत होतं. दवाखान्यात पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं मला."

"मग तू... मग तू सगळ्यांसमोर माझं इतकं..."

"मग काय करू?" तिचा आवाज जराही चढला नाही. "एकदा ओरडले असते, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर तू रडला असतास आणि सुटला असतास. त्यांनी तुला तलावात टाकलं तेव्हा तू दहा वर्षांचा होतास. मला तेव्हाच सांगितलं असतंस तर मी हे लग्नही मोडलं असतं कदाचित. पण तू एकवीस वर्षं जपून ठेवलंस. मीही ठेवू शकते जपून. आपण एकाच आईची मुलं."

तिनं पुसलेलं ताट फळीवर उभं केलं आणि दुसरं हातात घेतलं.

"उद्या पाऊण तास आधी ये," ती म्हणाली. "त्यांना दवाखान्यात न्यायचंय. आणि दुपारी माझ्या सासरची माणसं यायची आहेत. तुला भेटायचंय त्यांना, मी फार सांगितलंय तुझ्याबद्दल. चांगला शर्ट घालून ये."

दुसऱ्या दिवशी सव्वापाचला तो दाराशी उभा होता. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. भाऊजींनी आतून विचारलं, "आला का तो?" आणि ताई म्हणाली, "आला. न येऊन कुठे जातोय."